शेततळ्यातली लाल गाठ : डाळिंब आणि मासे, एकाच पाण्यावर

सांगोला तालुक्यात आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. एक एकर आमची, एक एकर थोरल्या भावजींची. मधोमध शेततळं, ते दोन्ही घरांचं. २०१७ साली 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून ते खोदलं. अनुदान पन्नास हजार मिळालं, पण ते खोदाईपुरतंच. आतला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आम्ही पदरच्या पैशांनी अंथरला. आकार तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, उतार एकास एक. काठोकाठ भरलं की २१ लाख ९६ हजार लिटर पाणी बसतं.

मे २०२३ मध्ये आंबे बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची) फळं लिंबाएवढी असताना तळ्याचा तळ दिसला. उरलेल्या गुडघाभर पाण्यात कालव्यातून कधीतरी आलेले चार-पाच मासे फिरत होते. कोणी खाऊ न घालता ते वीतभर वाढलेले. हे म्हणाले, "आपण पाळले असते तर?" आणि त्याच दमात म्हणाले, "पण पाणी कुठंय?" पुढची दोन वर्षं मी याच प्रश्नामागे फिरले. मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर काही महिने आणि काही मासे वाचले असते, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

जून २०२३ मध्ये कृषी विज्ञान केंद्रात तीन दिवसांचं प्रशिक्षण केलं. चाळीसजणांत आम्ही बायका तिघी. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचं, म्हणून तिघं एका तळ्यात नांदतात, हे तिथं कळलं. कागदाच्या तळ्यात माती नसते, त्यामुळे माशांचं नैसर्गिक खाद्य आपोआप तयार होत नाही, शेणखत द्यावं लागतं, हेही कळलं. पण मी वहीत दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य वेगळंच होतं : कटला-रोहूसारख्या कार्प माशांना उन्हाळ्यात निदान दीड मीटर पाणी राहू द्या, त्याखाली पाणी तापतं आणि प्राणवायू कमी पडतो.

घरी येऊन हिशेब मांडला. दीड मीटर म्हणजे निम्मी खोली, तेव्हा निम्मं पाणी, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. तळं खाली निमुळतं होत जातं, म्हणून निम्म्या खोलीला आमच्याकडे फक्त ९ लाख ७७ हजार लिटर उरतं. म्हणजे वरचं १२ लाख १९ हजार बागेचं, खालचं माशांचं. आकडा कागदावर आला आणि घरातलं बोलणं बदललं. तोवर "बागेला कमी पडेल" हे सगळेच म्हणत होते, पण किती कमी पडेल हे कोणी मोजलं नव्हतं.

आता कागदपत्रं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान असतं. अर्ज माझ्या नावानं करायचा तर सातबारावर माझं नाव हवं, आणि ते नव्हतं. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, हे मला तलाठी कार्यालयाच्या बाहेर बसलेल्या एका आजींनी सांगितलं. ह्यांनी एका शब्दानं आडकाठी केली नाही. १० जुलैला अर्ज दिला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित करेपर्यंत सप्टेंबर उजाडला. या फेरफाराला मला पैसे लागले नाहीत, चार हेलपाटे मात्र लागले. नवा सातबारा हातात आला त्या दिवशी मी तो घरी आणून आधी देवापुढे ठेवला. मासे राहू देत, एवढं एकच काम झालं असतं तरी मला पुरलं असतं.

पण पाऊसच आला नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होताच. तळं रिकामं. जानेवारीपासून आम्ही टँकर विकत घेऊन झाडं नुसती जगवली, बहार धरलाच नाही. त्या दिवसांत माशांचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. तरी जानेवारी २०२४ मध्ये जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात फाईल देऊन आले : सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची प्रत, तळ्याचा फोटो, प्रकल्प अहवाल. मार्चमध्ये त्रुटीचं पत्र आलं. जमिनीचा गट सामाईक असल्यानं सहहिस्सेदाराचं संमतीपत्र हवं होतं.

संमती म्हणजे थोरल्या भावजींची सही. ते चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जाऊबाईंच्या हातचा चहा झाल्यावर म्हणाले, "सही करतो. पण माशासाठी माझी बाग वाळायची नाही, हे पण लिही त्याच्यात." मी लिहिलं. शंभराच्या स्टँपवर तशी ओळ टाकली, आणि तिच्याखाली दुसरी : तळ्यात दीड मीटर पाणी उरल्यावर दोन्ही बागांचा उपसा बंद. दोघांनी सह्या केल्या. कार्यालयाला फक्त पहिला परिच्छेद लागणार होता. दुसरा आमच्या दोन घरांसाठी होता, आणि वर्षभरानं तोच उपयोगी पडला. सामाईक तळं असेल तर पाण्याची खूण कागदावर आणा. भांडण नसतं तेव्हाच ती लिहून होते.

एप्रिलमध्ये संमतीपत्र जमा केलं तोवर लोकसभेची आचारसंहिता लागलेली. जूनमध्ये विचारलं, फाईल चालू आहे. जुलैमध्ये विचारलं, तेच. ऑगस्टमध्ये तळं भरलं. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची पाळीही मिळाली होती, आणि मत्स्यबीज सोडायचे दिवस निघून चालले होते. मी घरच्या पैशांनी सुरुवात केली. नंतर सांगण्यात आलं की पूर्वसंमतीच्या, म्हणजे कार्यालयाच्या मंजुरीपत्राच्या, आधी केलेला खर्च अनुदानात धरता येत नाही. नियम तसा आहे, आणि तो मला आधी माहीत असायला हवा होता. ज्यांना अनुदानावरच सगळं उभं करायचं आहे त्यांनी पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. आमच्याएवढ्या नऊ गुंठे पाण्याला बी आणि खाद्याचं अनुदान मिळून मिळून किती, हे पाहून मी थांबले नाही. ज्यांचं तळं मोठं आहे त्यांनी थांबावं.

मासे सोडण्याआधी दोन गोष्टी केल्या. वरून पक्ष्यांसाठी जाळी, साडेसहा हजार. बगळे आणि पाणकावळे बोटभर मासे सकाळच्या सकाळी टिपून नेतात. दुसरी गोष्ट दोराची. कागदाचा उतार शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही, आणि अशा तळ्यात माणसं जातात ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. चारही बाजूंनी गाठी मारलेले नायलॉनचे दोर काठावरच्या खुंट्यांना बांधून तळापर्यंत सोडले, दोन ट्यूब फुगवून ठेवल्या, भोवती कुंपण होतंच त्याला जुन्या साड्या लावल्या. खर्च बावीसशे. खाद्य टाकायला एकट्यानं जायचं नाही, हा घरात नियम केला. यात कोणी काटकसर करू नका.

त्यातल्याच एका दोरावर मी खूण केली. कागदावर रंग टिकत नाही आणि बांबू रोवता येत नाही, कागद फाटतो. एकास एक उतारावर दीड मीटर खोलीसाठी दोर तळापासून २ मीटर १२ सेंटिमीटर लागतो. तेवढं मोजून तिथं लाल कापडाची गाठ बांधली. वर प्रत्येक फुटाला पांढरी गाठ.

११ ऑगस्ट २०२४, रविवार. आठशे बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्लं), तीन रुपये नग, वाहतूक सोळाशे. प्राणवायू भरलेल्या पिशव्या पहाटे साडेपाचला पोचल्या. पिशव्या तशाच वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड उघडून ओंजळ-ओंजळ तळ्याचं पाणी आत घातलं. घाई केली तर पाण्याच्या तापमानाचा धक्का बसतो. शेवटी पिशवी आडवी केली. पहिले काही क्षण ती बाहेरच आली नाहीत. तोंडं पाण्याच्या प्रवाहाकडे करून पिशवीतच थरथरत राहिली, चांदीच्या साखळीचा तुकडा हलावा तशी. मग एक निघाली आणि तिच्यामागे सगळी. मामंजी काठावर उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

रोजचं काम फार नव्हतं. शेंगदाणा पेंड रात्री भिजवायची, सकाळी भाताच्या कोंड्यात सारखी मिसळायची आणि भोकं पाडलेल्या गोणीत भरून ठरलेल्या जागी सोडायची. माशांच्या अंदाजे वजनाच्या दोन-तीन टक्के. जास्त घातलं की तळाला कुजतं. शेण पोत्यात बांधून पाण्यात लोंबतं ठेवायचं. पाणी हिरवट हवं. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला की शेण थांबवायचं.

बागेचं पाणी आम्ही तळातून उचलायला लागलो. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपचं तोंड, पूर्वी वर तरंगत असायचा, तो तळापासून फूटभरावर घेतला आणि भोवती बारीक जाळी गुंडाळली, नाहीतर लहान मासे ओढले जातात. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, अमोनिया हे सगळं खालच्या थरात साठतं. ते झाडाला जातं आणि तळं स्वच्छ राहतं. त्या हंगामात मी ठिबकमधून युरिया सोडणं कमी केलं, झाडांनी पान पिवळं केलं नाही. मोजमाप माझ्याकडे नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगते. एक त्रास होतो : शेवाळानं फिल्टर चोंदतो. डिस्क फिल्टर पूर्वी आठवड्यातून एकदा धुवायचो, आता एक दिवसाआड. लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांची, टोकं दर पंधरा दिवसांनी उघडून सोडायची. ज्यांच्याकडे नुसता जाळीचा फिल्टर आहे त्यांनी वाळूच्या फिल्टरशिवाय हे करू नये.

सप्टेंबरच्या २४ तारखेची गोष्ट लिहायला जड जाते. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांच्या) फळांवर अळीसाठी फवारणी होती. औषध सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातलं. दोनशे लिटरचा ड्रम बांधावर ठेवून तळ्यातल्या छोट्या पाणबुडी मोटरनं तो भरत होतो. मी औषध आधीच ओतलं होतं, आणि पाईपचं तोंड ड्रमच्या पाण्यात बुडलेलं. तेवढ्यात लाईट गेली. मोटरला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. ड्रम वर, तळं खाली. पाईपमधून औषधाचं पाणी उलटं तळ्यात जायला लागलं. ह्यांनी पाईप ओढून काढेपर्यंत अंदाजे चाळीस लिटर गेलं होतं.

वीस लाख लिटरात चाळीस लिटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण या गटातली औषधं माशांना लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात मारतात. दुपारी तीनपर्यंत मासे एका बाजूला कलून गोल गोल फिरू लागले. आम्ही बोअरचं पाणी तळ्यात सोडलं, रात्रभर चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ७४ मासे जाळीनं काढले आणि चुना टाकून पुरले. मी दोन दिवस तळ्यावर गेले नाही. बाकीचे जगले, ते मोटर ज्या कोपऱ्यात होती त्याच्या समोरच्या बाजूला होते म्हणून, असं मला वाटतं.

त्यानंतर फवारणीचं पाणी तळ्यावर भरणं बंद. घराजवळच्या टाकीतून भरायचं, पाईपचं तोंड ड्रमच्या वर वीतभर अधांतरी, औषध सगळ्यात शेवटी. ड्रम आणि पंप तळ्याच्या बाहेर, जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला धुवायचे. वारा तळ्याकडे असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून मोटरच्या पेटीवर चिकटवलं आहे, कारण फवारायला येणारा मुलगा दरवेळी वेगळा असतो.

हिवाळा शांत गेला. थंडीत मासे खातात कमी, म्हणून खाद्यही निम्मं. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या एकराची डाळिंबं निघाली.

खरी वाटणी तिथून सुरू झाली. मी माझ्या एकराला पुन्हा मृग बहारच धरायचं ठरवलं होतं, आणि तेही माशांमुळे. मृग बहारासाठी झाडाला एप्रिल-मे मध्ये ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. माशाला पाणी सगळ्यात जास्त लागतं ते नेमकं याच दिवसांत. आंबे बहारात उलट असतं : फळ आणि मासा दोघंही मे महिन्यात पाणी मागतात. मृग बहाराला किंमत मोजावी लागते. पावसाळी हवेत तेल्या रोग जास्त येतो, फवारण्या वाढतात. ते पत्करून मी बहार सरकवला. भावजींनी मात्र आंबे बहारच ठेवला, त्यांना जुलैच्या बाजारभावाचा भरवसा होता, आणि तो त्यांचा हक्क.

फेब्रुवारीच्या मध्याला तळं भरलेलं होतं. भावजींची तीनशे झाडं, झाडाला दिवसाला तीस लिटर, म्हणजे नऊ हजार लिटर. शिवाय ऊन. पांढऱ्या गाठींवरून मी दर रविवारी पातळी लिहायचे. बागेला पाणी दिलं नाही त्या आठवड्यातही एप्रिलमध्ये पातळी पाच-सहा सेंटिमीटर उतरायची. उन्हाचा वाटा बागेच्या निम्म्याहून जास्त होता, आणि आजवर आमच्या कोणाच्याच हिशेबात तो नव्हता.

पाणी कमी होणार तर मासेही कमी करायचे, हे मी प्रशिक्षणातून पक्कं धरलं होतं. धुळवडीच्या आदल्या दिवशी, १३ मार्चला, जाळं टाकून मोठे दोनशे काढले. ११० किलो भरले, बांधावरच १३० रुपयांनी दुपारपर्यंत संपले. उरलेल्यांना जागा झाली.

एप्रिलमध्ये एका ढगाळ रात्रीनंतर पहाटे पाचला मासे वर येऊन तोंडं उघडत होते. प्राणवायू सगळ्यात कमी पहाटेच असतो. लगेच मोटर चालू केली आणि पाणी पाईपनं उंचावरून परत तळ्यातच पाडलं. तासाभरात खाली गेले. त्या दिवशी खाद्य दिलं नाही. शेतीच्या लाईटची पाळी पहाटे नसेल तर त्यासाठी डिझेल इंजिन कोणाकडे मिळेल ते आधी विचारून ठेवा.

९ मे २०२५ ला पाणी लाल गाठीला टेकलं. भावजींची फळं पेरूएवढी झाली होती. संध्याकाळी ते तळ्यावर आले, मी खाद्याची गोणी ओढत होते.

"वहिनी, अजून पंधरा दिवस पाहिजे पाणी."

"भावजी, गाठ आली."

"दिसतंय मला. एक फूट अजून खाली गेलं तर काय होतंय?"

मी वाद घातला नाही, वही दिली. एक फूट म्हणजे त्या पातळीला साधारण दोन लाख सतरा हजार लिटर, त्यांच्या बागेला उन्हासकट तेरा-चौदा दिवस. आणि माशांना फक्त चार फूट. तीनशेवीस मासे, प्रत्येक पाऊण किलोच्या घरात. ते बराच वेळ वही बघत उभे राहिले. स्टँपपेपरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. शेवटी म्हणाले, "बोअर तुमच्या वाट्याचा पण मला दे." उन्हाळ्यात बोअर दिवसाला दोनच तास चालतो, त्यातला एक तास आमचा. माझी बाग ताणावर होती, मला तो लागतच नव्हता. मी लगेच हो म्हटलं. झाडाला तीसऐवजी पंधरा लिटर, बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन, असं त्यांनी भागवलं. थोडी फळं बारीक राहिली. ते नुकसान त्यांनी सोसलं आणि गाठीखालच्या पाण्याला हात लावला नाही, हे मला इथं लिहायलाच हवं.

मग जे झालं ते कोणाच्याच हिशेबात नव्हतं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवानं झोडपलं, आणि पाठोपाठ मान्सून महाराष्ट्रात मेमध्येच आला. तळ्यात चार दिवसांत दोन पांढऱ्या गाठी बुडाल्या. मासे वाचले, भावजींची बाग वाचली, आणि माझ्या बागेचा ताण तुटला. पानगळ पुरी होण्याआधीच झाडं फुटली. कळी मागेपुढे निघाली, अजूनही निघते आहे. यंदा माझं उत्पन्न घटेल.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आषाढीच्या आधी, सगळे मासे काढले. आमच्याकडे पंढरपूर जवळ. एकादशी आणि पुढे श्रावण लागला की गिऱ्हाईक राहत नाही. जाळं ओढणारी माणसं बाहेरून बोलावली, दोन्ही वेळचे मिळून चार हजार दिले. जाळ्याच्या कडेला लोखंडी वजनं असतील तर काढायला सांगा, कागद चिरतो. ३२० मासे, २६२ किलो, १२० रुपये भाव.

हिशेब असा : बी आणि वाहतूक चार हजार, खाद्य साडेएकोणीस हजार, जाळी साडेसहा हजार, दोर-ट्यूब बावीसशे, चुना तीनशे, मासेमारी चार हजार. एकूण ३६,५००. विक्री ४५,७४०. हातात ९,२४० रुपये उरले. जाळी आणि दोर पुढची काही वर्षं चालतील. माझी आणि ह्यांची मजुरी यात धरलेली नाही.

तळातला गाळ बादल्यांनी काढून दोन्ही बागांच्या आळ्यांत निम्मा-निम्मा टाकला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, म्हणून किसान क्रेडिट कार्डासाठी बँकेत कागद दिले आहेत. अनुदानासाठी या वेळी पूर्वसंमतीची वाट पाहते आहे. तोवर तळं रिकामं ठेवायला मन धजत नाही, म्हणून पाचशेच बोटुकल्या सांगितल्या आहेत, येत्या रविवारी येतील. तो खर्च अनुदानाबाहेरचा धरला आहे.

लाल कापड उन्हानं विरलं होतं. परवा भावजी स्वतः टेप घेऊन आले, २ मीटर १२ मोजलं आणि नवी गाठ बांधून गेले. या वेळी त्यांच्या बाजूच्या दोरावरही एक बांधली आहे.